खाज, कावीळ, बधिर हनुवटी: लिम्फोमा आडवाटेने येतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामा ५२ वर्षांचे. पाच-सहा महिने अंगाला खाज, त्यासाठी मलमं आणि गोळ्या. मग अधूनमधून ताप, मानेत गाठी. सुईच्या तपासणीत ग्रॅन्युलोमा (दाहक पेशींचा छोटा पुंजका) दिसला म्हणून एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू झाली. ताप गेला, परत आला. दोन महिन्यांनी कावीळ झाली, एकेटी थांबवावी लागली, आणि अख्खी गाठ काढून तपासल्यावर हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा एक कर्करोग) निघाला. इतका उशीर कसा झाला, हा आजार असाच फसवतो का, उपचारात आणखी काय अनपेक्षित होऊ शकतं आणि अर्धवट राहिलेल्या एकेटीचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

पुण्यात रक्तविकार आणि लिम्फोमाचे पेशंट पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. मामांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांच्या निर्णयांवर शेरा मारणार नाही. पण तुम्ही लिहिलेला क्रम मला तोंडपाठ आहे.

आधी खाजेबद्दल. हॉजकिनची खाज गाठीच्या कित्येक महिने आधी सुरू होऊ शकते. अंगावर पुरळ नसतं, दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे, बहुतेक वेळा नडग्यांवर आणि हातांवर. रात्री जास्त. घरातला साबण बदलून होतो, गाद्या उन्हात टाकून होतात, खरजेचं औषध सगळ्या घराला लावून होतं आणि ॲलर्जीच्या गोळीने फक्त झोप येते. अशी खाज लिव्हर, किडनी, थायरॉइड किंवा लोहाच्या कमतरतेमुळेही येते, आणि लिम्फोमापेक्षा ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. म्हणून खाजणाऱ्या प्रत्येकाने घाबरायचं कारण नाही. मात्र पुरळ नसलेली खाज सहा-आठ आठवडे हटत नसेल, तर रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्सरे आणि मान-काख-जांघ चाचपून पाहणं एवढं तरी व्हायलाच हवं.

तापाने केलेली फसवणूक जास्त बेरकी असते. हॉजकिनच्या काही पेशंटना आठवडा-दोन आठवडे ताप, मग तितकेच दिवस काही नाही, मग परत ताप, असं चालतं. पेल आणि एब्स्टाइन या दोघांनी १८८० च्या दशकात हे नोंदवलं. आता पाहा, ताप आपणहून उतरायच्या आठवड्यात जे औषध सुरू झालं असेल, श्रेय त्याला मिळतं. मामांचा ताप एकेटीने गेला असं सगळ्यांना वाटलं असणार. कदाचित तो तसाही जाणारच होता. शिवाय रिफॅम्पिसिन हे नुसतं क्षयाचं औषध नाही, इतरही काही जंतूंवर चालतं. तेव्हा ‘एकेटीने बरं वाटलं म्हणजे टीबीच’ हे अनुमान फार कच्चं आहे.

आणि ग्रॅन्युलोमा? तो क्षयात असतो, सार्कॉइड नावाच्या दाहाच्या आजारात असतो आणि हॉजकिनच्या गाठीतही असू शकतो. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कर्करोगाच्या पेशी, म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी, जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतात. बाकी सगळी गर्दी त्यांच्याभोवती जमलेल्या निरोगी पेशींची. दिंडीत विणेकरी एक आणि टाळकरी शंभर. सुईने चिमूटभर पेशी ओढल्या तर हाती टाळकरीच लागतात, आणि रिपोर्ट येतो ‘रिॲक्टिव्ह’ किंवा ‘ग्रॅन्युलोमा’. तो खोटा नसतो, अपुरा असतो. हा गोंधळ आजचाही नाही. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी या पेशींचं नीट वर्णन केलं तेव्हा त्यांनी स्वतः हा आजार क्षयाचाच एक वेगळा प्रकार मानला होता. क्षय वेगळा आणि हा वेगळा, हे १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी ठासून मांडलं.

आपल्याकडे क्षय खरोखरच इतका आहे की मानेत गाठ दिसल्यावर आधी त्याचा विचार करणं चूक नाही. माझा आक्षेप पुराव्याशिवाय सुरू होणाऱ्या आणि मुदत न ठरवता चालू राहणाऱ्या एकेटीला आहे. त्यातही गंमत अशी की खऱ्या क्षयातसुद्धा औषध चालू असताना गाठी काही काळ वाढू शकतात. म्हणजे ‘वाढली म्हणून लिम्फोमा’ हेही म्हणता येत नाही. वाद मिटतो तो गाठीचा तुकडा काढून तपासल्यानेच, म्हणजे बायोप्सीनेच.

तुकडा कुठून घ्यायचा यालाही महत्त्व आहे. जांघेतली गाठ सोयीची, म्हणून ती काढली जाते. पण अनवाणी चालणं, भेगा, जुन्या जखमा यांमुळे कित्येकांना जांघेत वर्षानुवर्षं अवधाण असतं आणि रिपोर्ट ‘रिॲक्टिव्ह’ येतो. मानेतली किंवा हासळीवरची गाठ असेल तर ती घ्यावी. शक्यतो अख्खी, नाहीतर जाड सुईचे तीन-चार तुकडे. आणि आदल्या संध्याकाळी सर्जनना एवढंच विचारावं: डब्या दोन ठेवणार ना? एकीत फॉर्मॅलिन, दुसरीत साधं सलाईन. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यावर पॅथॉलॉजिस्ट पेशी ओळखतात, सीडी ३०, सीडी १५, सीडी २० असे मार्कर लावतात. पण त्यात जंतू मरतात, कल्चर करता येत नाही. क्षयाचं कल्चर आणि सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) सलाईनमधल्या तुकड्यावर होतं. घाईत सगळा माल एकाच फॉर्मॅलिनच्या डबीत गेला की पुढचे दोन महिने ‘टीबी नाहीच ना नक्की?’ या प्रश्नात जातात.

बायोप्सीच्या आधी स्टिरॉइड घेणं हे मला एकेटीपेक्षाही जास्त खुपतं. गाठ आहे, ताप आहे, अशक्तपणा आहे. कोणीतरी डेक्सा या स्टिरॉइडचं इंजेक्शन देतं आणि पेशंट दोन दिवसांत टुणटुणीत होतो. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने मरतात, गाठ वितळते, आणि त्या आठवड्यात घेतलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. मेंदूच्या लिम्फोमात तर हे फार ठळक दिसतं. एमआरआयमध्ये लिंबाएवढा डाग, सूज कमी व्हावी म्हणून स्टिरॉइड, आणि न्यूरोसर्जन बायोप्सीची तारीख देईपर्यंत डाग जवळजवळ गायब. घरच्यांना वाटतं देव पावला. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो परत येतो, बहुधा दुसऱ्याच जागी. मेंदूवर जिवावर बेतेल इतका दाब असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं, तिथे तुकड्याची वाट पाहायची नसते. बाकी वेळी आधी तुकडा.

हा आजार ‘असाच’ फसवतो का, तर फसवतो, कारण ज्या पांढऱ्या पेशींपासून तो होतो त्या लिम्फोसाइट नाहीत अशी जागा शरीरात जवळजवळ नाही. गाठी नसलेले लिम्फोमा असतात आणि ते बहुतेक वेळा भलत्याच दवाखान्यात पोचतात.

त्वचेचं पाहा. छाती, पाठ, मांड्यांवर फिकट पांढरे चट्टे, कित्येक वर्षं. कोड समजून औषध होतं, नाहीतर कुष्ठरोग समजून. मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लिम्फोमाचा हा फिकट प्रकार सावळ्या त्वचेच्या, तरुण, अगदी लहान वयाच्या लोकांतही दिसतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात संवेदना कमी असते, यात ती शाबूत असते. दिलासा म्हणजे हा फार संथ असतो आणि अनेकांचं प्रकाशोपचारावर भागतं. दुसरा प्रकार त्वचेखालच्या चरबीत येतो: मांड्या-दंडांवर कडक, दुखऱ्या गाठी आणि ताप. नडग्यांवर असल्या की त्याही क्षयाच्या खात्यावर जमा होतात. हाही लिम्फोमाच, पण यात अनेकदा केमोऐवजी सायक्लोस्पोरिन किंवा स्टिरॉइडवर पेशंट सुधारतात. म्हणजे नाव नेमकं कळण्याने उपचारही सौम्य होऊ शकतो.

हनुवटी आणि खालचा ओठ एका बाजूला बधिर होणं. पेशंट दंतवैद्यांकडे जातो, कधी एखादी दाढही काढली जाते. दातांत कारण सापडत नसेल तर प्रौढ माणसात हे लक्षण कधीही सोडून देऊ नये. जबड्यातल्या नसेवर लिम्फोमा किंवा दुसरा एखादा कर्करोग बसलेला असू शकतो. नाक एका बाजूने चोंदणं, रक्त, टाळूला छिद्र, हे सायनस किंवा काळी बुरशी समजलं जातं, निघतो एनके-टी पेशींचा लिम्फोमा. साठीनंतर वृषण न दुखता मोठं होणं: या वयात तिथला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग लिम्फोमाच असतो, आणि तो पुढे मेंदूत किंवा दुसऱ्या वृषणात डोकं वर काढतो, म्हणून उपचारात त्या जागांची आधीच सोय करावी लागते. पुरुषमंडळी हे लक्षण लाजेने महिनोन् महिने लपवतात. आणखी एक: हॉजकिनच्या अगदी थोड्या पेशंटना दारू घेतल्यावर काही मिनिटांत गाठ दुखते. हा प्रश्न मी बायको शेजारी बसलेली असताना विचारणं सोडून दिलंय, खरं उत्तर येत नाही.

आता ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ते. जुलै ते ऑक्टोबर पुण्यात ताप आणि प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंग्यू, हे समीकरण पक्कं असतं. बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण डेंग्यूचा ताप साधारण आठवड्यात संपतो आणि मग प्लेटलेट्स चढायला लागतात. दुसऱ्या आठवड्यातही ताप हटत नाही, रक्तातल्या तिन्ही पेशी (लाल, पांढऱ्या, प्लेटलेट्स) उतरताहेत, प्लीहा वाढतेय, लिव्हर बिघडतंय, तर एचएलएच नावाची अवस्था डोक्यात यायला हवी. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा बेभान होते आणि अस्थिमज्जेत स्वतःच्याच पेशी गिळायला लागते. त्यामागे विषाणू असू शकतो, क्षय असू शकतो, खुद्द डेंग्यूही असू शकतो. पण मोठ्यांमध्ये लिम्फोमा हे मोठं कारण आहे. रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत, कधी दहा हजारांच्या वर जातं. डेंग्यूतही ते वाढतं, म्हणून मी एका आकड्यावर जात नाही, दोन-तीन दिवसांत तो कुठे चाललाय ते पाहते. ट्रायग्लिसराइड वाढतात, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) घटतं. आणि फायब्रिनोजेन घटलं की ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग, दाहाची खूण) खाली येतो! पेशंट खालावत असताना ईएसआर सुधारलेला दिसला तर आनंद मानू नये. इथे मात्र उपचार थांबवून ठेवता येत नाहीत. मज्जा, गाठ, जे मिळेल त्याचा तुकडा त्याच दिवशी घ्यायचा आणि औषध सुरू करायचं.

याचाच एक लपलेला भाऊ म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आत वाढणारा लिम्फोमा. गाठ नाही, स्कॅनमध्ये फारसं काही नाही. फक्त ताप, रक्तातलं एलडीएच (पेशी मरताना वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं, धाप, कधी भ्रम. पेशी केशवाहिन्यांत अडकून बसलेल्या असतात. अशा वेळी मांडी, पोट, दंड इथल्या अगदी निरोगी दिसणाऱ्या त्वचेचे चरबीपर्यंत खोल तुकडे घेऊन निदान होतं. नातेवाईक विचारतात, डॉक्टर, त्वचेला तर काही झालेलं नाही. त्यांना हे पटवून देण्यात अर्धा तास जातो.

दोन परिस्थितींत उद्यावर ढकलायचं नसतं. पहिली: तरुण मुलगी, सकाळी उठल्यावर चेहरा आणि मान सुजलेली, दुपारपर्यंत उतरणारी. कुर्त्याचा गळा घट्ट होतोय, रांगोळी काढायला वाकलं की चेहरा जांभळा पडतो, मानेच्या शिरा फुगलेल्या. ॲलर्जी, थायरॉइड, ‘रात्री उशिरा मीठ खाल्लं’ असं सगळं होऊन जातं. छातीच्या मधोमध वाढलेल्या गाठीने वरची मोठी शीर दाबली जात असते आणि एका साध्या एक्सरेत ती दिसते. अशा पेशंटला सीटीसाठी किंवा भूल देऊन उताणं झोपवणं धोक्याचं असतं, श्वासनलिका दाबली जाऊ शकते. दुसरी: पाठदुखी, मग पायात ताकद नाही, लघवी अडकली. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गियाँ-बारे या नसांच्या आजाराची साथ आली तेव्हापासून पाय लुळे पडले की लोक तोच अंदाज बांधतात. त्यात कमजोरी पायांकडून वर चढते आणि गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला असेल तर आधी पाठ दुखते, छातीला-पोटाला पट्टा आवळल्यासारखं वाटतं, त्याखाली बधिर, आणि लघवी लवकर अडते. त्याच रात्री एमआरआय हवा. तासांवर पाय अवलंबून असतात.

(त्या साथीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला होता. लहान आतड्याच्या एका दुर्मीळ लिम्फोमाशीही याच जंतूचा संबंध जोडला गेलाय, आणि तो लिम्फोमा अगदी सुरुवातीला टेट्रासायक्लिनसारख्या साध्या अँटिबायोटिकवर ओसरू शकतो. एकदा जुलाब झाल्याने लिम्फोमा होतो असा याचा अर्थ मुळीच नाही.)

आता उपचारातल्या अनपेक्षित गोष्टी. केमोने केस जातात, पेशी कमी होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. घात होतो तो दुसऱ्याच दवाखान्यातून आलेल्या पुडीने. एक तरुण, आर-चॉप या केमोची (त्यात व्हिन्क्रिस्टीन असतं) दोन सायकल झालेली, पोट फुगून आला. बरेच दिवस शौचाला नाही, आणि चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहतेय, कळतही नाही. पाऊल वर उचलता येत नव्हतं. बायकोने औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा तळाशी इट्राकोनॅझोलची स्ट्रिप निघाली, कमरेच्या गजकर्णासाठी वेगळ्या दवाखान्यातून घेतलेली. हे औषध व्हिन्क्रिस्टीनचा लिव्हरमधला निचरा अडवतं. नेहमीचाच डोस शरीरात कितीतरी पट विषारी होतो आणि नसा मार खातात. पाऊल सुधारायला त्याला महिने लागले. गजकर्ण सध्या घरोघरी आहे, म्हणून हे विशेष सांगतेय: मामांना हॉजकिनसाठी बहुधा एबीव्हीडी ही चार औषधांची केमो मिळेल, त्यातल्या व्हिनब्लास्टीनलाही हाच नियम लागू. गोळी ऐवजी मलम चालेल का, ते विचारूनच घ्या.

मामांच्या बाबतीत दुसरी जागा म्हणजे फुप्फुसं. एबीव्हीडीतल्या ब्लिओमायसिनने चाळिशीपुढच्या काहींच्या फुप्फुसांना सूज येते. कोरडा खोकला, जिना चढताना आधी न लागलेली धाप. ‘हवा बदललीय’ म्हणून सोडू नका, पुढच्या डोसआधी सांगा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राथल अभ्यासानंतर, दोन सायकलनंतरचं पेट स्कॅन स्वच्छ असेल तर ब्लिओमायसिन वगळून बाकीची औषधं पुढे चालू ठेवण्याची पद्धत रुळली आहे; निकालात फारसा फरक पडत नाही. पुढे कधीही ऑपरेशन झालं तर भूलतज्ज्ञांना ब्लिओमायसिन घेतल्याचं सांगा, जादा ऑक्सिजनने त्या फुप्फुसांना इजा होऊ शकते.

तिसरी गोष्ट रक्ताची. हॉजकिनच्या पेशंटला रक्त किंवा प्लेटलेट्स चढवायच्या झाल्या तर त्या किरणोत्सर्ग दिलेल्या असाव्यात, आजार बरा झाल्यानंतरही. दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट पेशंटच्या शरीरात रुजून त्याच्याच अवयवांवर हल्ला करू शकतात. हे दुर्मीळ, पण झालं तर जवळजवळ नेहमीच प्राणघातक. आणि हा धोका सख्ख्या नातेवाइकांच्या रक्ताने वाढतो, कारण ते पेशंटला परकं वाटत नाही. तुम्ही भाचे आहात, रक्तगट जुळत असेल तर पुढे व्हाल, हे साहजिक आहे. दान जरूर करा, पण ती पिशवी रक्तपेढीत दुसऱ्यांसाठी जाऊ द्या.

बी पेशींच्या लिम्फोमात रिटुक्सिमॅब देतात, ते मामांना बहुधा लागणार नाही. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: त्याआधी नुसतं ऑस्ट्रेलिया अँटिजेन (हिपॅटायटिस बीची नेहमीची तपासणी) तपासून भागत नाही, अँटी-एचबीसी (जुन्या संसर्गाची खूण) ही तपासणीही हवी. जुनी, झोपलेली हिपॅटायटिस बी या औषधाने जागी होते, कधी उपचार संपून वर्ष उलटल्यावरसुद्धा, आणि लिव्हर निकामी करते. रोज एक एन्टेकॅव्हिरची गोळी ते टाळू शकते. बर्किटसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमात पहिल्या डोसलाच इतक्या पेशी मरतात की पोटॅशियम आणि युरिक ॲसिड चढून किडनी बंद पडू शकते. युरिक ॲसिड उतरवायला दिलं जाणारं रासब्युरिकेज जी सिक्स पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना चालत नाही, तेही आधी तपासावं.

मामांच्या काविळीचं कारण बहुधा एकेटीच असेल. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला त्रास देतात. पण औषधं बंद करूनही बिलिरुबिन उतरत नसेल तर डॉक्टरांना एक शक्यता जरूर विचारा: हॉजकिनमध्ये क्वचित यकृतातल्या बारीक पित्तनलिकाच नाहीशा होत जातात, तिथे गाठ नसतानाही. फरक महत्त्वाचा, कारण एबीव्हीडीतल्या ॲड्रियामायसिन आणि व्हिनब्लास्टीन दोन्हींचा डोस बिलिरुबिन पाहून ठरतो.

राहिला एकेटीचा प्रश्न. क्षय आणि हॉजकिन एकाच माणसात, अगदी एकाच गाठीत असू शकतात. काढलेल्या गाठीचा भाग सलाईनमध्ये गेला होता का, सीबीनॅट काय आलं, कल्चर लावलं होतं का, हे विचारा. गेला नसेल तर फॉर्मॅलिनमधल्या ब्लॉकवरही क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधता येतो, फक्त तो न सापडणं तितकं भरवशाचं नसतं. दोन्ही आजार निघाले तर दोन्हींवर उपचार करायचे, पण रिफॅम्पिसिन कित्येक औषधं शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून कोणती एकेटी द्यायची ते छातीच्या आणि केमोच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावं. क्षयाचा पुरावा नसेल तर एकेटी परत सुरू करायची गरज नाही. केमोसाठी मात्र कल्चरची वाट पाहत बसू नका. द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात. तोवर पहिली सायकल होऊन गेलेली असेल, पण तो रिपोर्ट आठवणीने मागून फाइलला लावा, कारण केमो चालू असताना ताप आला की पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारला जाईल.